दोन थेंबांमधली दहा मिनिटं

पत्नी गेली तेव्हा तिच्यामागे दोन माणसं उरली, मी आणि तिची आई. मी लालबागला राहतो, सासूबाई ठाकूरद्वारला एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर. त्यांना दुसरं मूल नाही आणि आम्हालाही मूल नाही. पंचवीस वर्षांत आमचं बोलणं "बसा", "चहा घ्या" आणि "तब्येत बरी ना" यांच्यापुढे फारसं गेलं नव्हतं. मधे ती असायची आणि दोघांच्या वतीने तीच बोलायची.

सासूबाईंना काचबिंदू आहे. डावा डोळा फार पूर्वीच गेला. उजवा राहिला आहे, आणि तो राहावा म्हणून दोन बाटल्या आहेत. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला आधी निळ्या टोपणाच्या बाटलीतला एक थेंब, मग दहा मिनिटं डोळे मिटून पडून राहायचं, मग पिवळ्या टोपणाच्या बाटलीतला. दोन्ही लागोपाठ घातले तर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. पत्नी गिरगावातल्याच शाळेत शिकवायची. शाळेच्या आधी आईकडे, शाळा सुटल्यावर पुन्हा आईकडे, सातचे थेंब घालून मग घरी. अकरा वर्षं हे चाललं. मला एवढंच माहीत होतं की ती रोज उशिरा येते.

तेरावं झाल्यावर मी ठाकूरद्वारला गेलो आणि म्हणालो, "आई, आता ड्रॉप्स मी घालत जाईन."

त्या पदर सावरून उभ्या राहिल्या. "तुम्ही कशाला? बसा ना. पोहे करते."

मी आठ दिवस रोज दोनदा गेलो. आठही दिवस मी पोहे, सांजा, उपमा, एकदा घावने असं खाऊन परत आलो. जावई दारात आला की त्या उठायच्या. जावयासमोर सासूने खाटेवर आडवं व्हायचं आणि त्याच्या हातून डोळ्यात औषध घालून घ्यायचं, हे त्यांच्या हिशेबातच बसत नव्हतं. मी बाटली हातात घेतली की त्या म्हणायच्या, "ठेवा तिथे, तुम्ही गेलात की घालते." माझ्याकडे येऊन राहा म्हणालो तर म्हणाल्या, "लेक होती तेव्हा तिच्या घरी दोन रात्री राहिले नाही. आता काय तोंडाने येऊ?"

आठव्या दिवशी मला कळलं की माझ्या येण्यानेच औषध चुकतं आहे.

मी आयुष्यभर मुद्रितशोधकाचं काम केलं. दुसऱ्याच्या लिखाणातल्या चुका काढायच्या आणि समासात खुणा करायच्या. फोनचा मला उत्साह कधीच नव्हता. पण वाचनालयात शेजारी बसणारे एक गृहस्थ म्हणाले की औषधाची आठवण करून देणारं ॲप असतं, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनशी जोडताही येतं. मी त्याच्या सगळ्या सूचना, कुणीच वाचत नाही त्या अटींसकट, दोन दिवस वाचल्या. मग पत्नीचा फोन सासूबाईंना दिला आणि त्यात ते घातलं. सातला फोन वाजणार. पडद्यावर मोठं हिरवं बटण येणार, त्यावर लिहिलेलं, "घेतलं". त्यांनी ते दाबलं की लालबागला माझ्या फोनवर हिरवी खूण येणार.

"कळलं ना, आई?"

"त्यात काय कळायचं? वाजला की दाबायचं."

आणि खुणा येऊ लागल्या. सकाळी सात वाजून एक मिनिट, संध्याकाळी सात वाजून एक मिनिट. एकही चुकली नाही. आठवडा संपला की ॲप एक फूल पाठवायचं आणि लिहायचं, "शंभर टक्के!" मी लाज सोडून सांगतो, त्या फुलाची मी वाट बघायचो. घरात दिवसभर कुणाचा आवाज नसे. तेवढ्या दोन खुणा आल्या की वाटायचं, तिचं म्हणून जे काही या जगात उरलं आहे त्यातलं एक तरी जागच्या जागी आहे. वाचनालयातल्या गृहस्थांना मी म्हणालोसुद्धा, "यंत्र माणसापेक्षा बरं हो. पोहे खायला लावत नाही."

दीड महिन्याने त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी डोळ्यातलं प्रेशर मोजलं आणि कपाळाला आठी घातली. सव्वीस. मागच्या वर्षी सोळा होतं.

"ड्रॉप्स नियमित चालू आहेत?"

"एकही चुकलेला नाही," मी फोन पुढे केला. सगळे दिवस हिरवे होते.

डॉक्टरबाईंनी ते बघितलं. "मग ड्रॉप्स पुरत नाहीत असं धरावं लागेल. ऑपरेशन. पण यांचं वय, आणि हृदयाचं दुखणं, मला धोका वाटतो. आणि नाही केलं तर हा डोळाही जाईल." आधी नजरेची तपासणी करू या, असं म्हणून त्यांनी आम्हाला बाजूच्या अंधाऱ्या खोलीत पाठवलं.

तिथे एक पांढरं, कढईसारखं खोलगट यंत्र होतं. त्यात हनुवटी टेकवायची, समोर एकटक बघायचं आणि कुठेही बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्र चालवणारी मुलगी सौम्य आवाजात सूचना देत होती. सासूबाई ताठ बसून भराभर बटण दाबत होत्या. मला वाटलं, बघा, किती दिसतंय यांना.

पाच मिनिटांनी मुलीने यंत्र थांबवलं. "आजी, दिसलं नाही तरी दाबताय तुम्ही."

"छे गं."

"हे यंत्र मधेमधे नुसता आवाज करतं, उजेड दाखवतच नाही. तेव्हाही तुम्ही दाबलंत. आठ वेळा."

सासूबाईंनी हनुवटी यंत्रातून उचलली. मग मला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "तू इतकं मन लावून करतेस. दर वेळी मी आपली ढिम्म बसले तर बरं दिसतं का?"

मुलगी हसली. मला हसू आलं नाही. अंधारात माझ्या खिशात फोन होता आणि त्यात दीड महिन्याच्या हिरव्या खुणा होत्या.

टॅक्सीत मी विचारलं, "आई, सातला फोन वाजतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"बटण दाबते."

"आणि ड्रॉप्स?"

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "घालते की. कधी कणीक भिजवलेली असते, हात भरलेले असतात. कधी हात थरथरतो, थेंब गालावर जातो. निळी घातली की दहा मिनिटं नुसतं पडून राहवत नाही मला. दूध उतू जाईल असं वाटतं."

"मग बटण का दाबता?"

"तुम्ही तिकडे वाट बघत असाल ना!" त्या माझ्याकडे वळल्या. "एवढ्या सकाळी जावई विचारतोय. त्याला काय ताटकळत ठेवायचं? म्हणून आधी तुम्हाला कळवते, मग आपलं बघते. तुमच्या डोक्याला आणखी काळजी कशाला?"

म्हणजे मी त्यांच्यावर लक्ष ठेवत होतो, आणि त्या रोज दोनदा माझी काळजी मिटवत होत्या. ॲपने आपलं काम चोख केलं होतं. प्रश्न विचारला होता, उत्तर पोचवलं होतं. त्या घरात जावयाला नाही म्हणायची रीत नाही, हे त्याच्या सूचनांमध्ये कुठेच नव्हतं. मला ते माहीत असायला हवं होतं. पोहे मी खाल्ले होते.

ऑपरेशनचं ठरवायला डॉक्टरबाईंनी तीन महिने दिले होते.

दुसऱ्या दिवशी सातला मी खुणेची वाट न बघता व्हिडिओ कॉल केला. पदर डोक्यावर घेतलेल्या सासूबाई पडद्यावर आल्या.

"आता आडव्या व्हा आणि निळी घाला."

"तुम्ही बघताय आणि मी आडवी होऊ?"

मी विचार केला. "फोन उशीशेजारी उताणा ठेवा. मला फक्त छत दिसेल."

तसं झालं. मला पंखा दिसू लागला. पंख्याशेजारचा, पाळण्यासाठी बसवलेलं लोखंडी कडं दिसलं. खाट कुरकुरली. थोड्या वेळाने आवाज आला, "पडला." मग दहा मिनिटं सुरू झाली. बोलण्यासारखा एकच विषय आमच्यात होता आणि तो दोघांनाही काढता येत नव्हता. चौथ्या मिनिटाला पुन्हा खाट कुरकुरली. "दूध बघून येते हं."

संध्याकाळी मी हाताशी एक पुस्तक घेऊन बसलो. ललित निबंधांचं, माझ्या आवडीचं. त्या "पडला" म्हणाल्या आणि मी वाचायला लागलो. छापखान्यात आम्ही दोघं मिळून मुद्रितं तपासायचो, एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, दुसरा खुणा करायचा. वाचणाऱ्याने विरामचिन्हंही वाचायची असतात. चाळीस वर्षांची सवय. दोन वाक्यं झाल्यावर छताकडून आवाज आला, "ते स्वल्पविराम वाचले नाहीत तर चालेल का?"

मी स्वल्पविराम सोडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या म्हणाल्या, "छान आहे हं. पण झोप येते." आणि मग, जरा थांबून, "खुनाचं काही नाही का तुमच्याकडे?"

माझ्या घरात भिंतभर पुस्तकं आहेत आणि त्यांत एकही खून नाही. मी दादरला रद्दीच्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदार मला पंधरा वर्षं ओळखतो. मी रहस्यकथा मागितल्या तेव्हा त्याने चष्मा वर केला. "साहेब, तुम्ही? कुणासाठी नेताय?"

"सासूबाईंसाठी."

"सगळे तसंच सांगतात," तो म्हणाला आणि पाच पुस्तकं काढून दिली. मुखपृष्ठं अशी होती की मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणली.

त्या संध्याकाळपासून गोष्ट बदलली. पहिल्या पानावर बंगल्याचा मालक मेलेला सापडला आणि छत एकदम शांत झालं. खाट कुरकुरली नाही, दुधाची आठवण निघाली नाही. दहा मिनिटं झाली तेव्हा इन्स्पेक्टर बंद दाराची मूठ फिरवत होता. तिथे मी पुस्तक मिटलं.

"थांबलात का?"

"पिवळी घाला. मग पुढे."

"दार उघडतं का तेवढं सांगा."

"आधी पिवळी."

बाटलीचं टोपण फिरल्याचा आवाज आला. मी "पडला" ऐकण्याची वाट बघत होतो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "नाही."

"काय नाही?"

"नाही पडला. गालावर गेला. थांबा, परत घालते."

पंचवीस वर्षांत त्यांनी मला सरळ नाही म्हटल्याचं हे पहिलं. मी त्या पंख्याकडे बघत राहिलो. दार उघडतं, हे मी त्यांना जरा सावकाशीने सांगितलं.

पुढे रोजच्या रोज त्यांचं नाही वाढत गेलं. "आज निळीचा नेम चुकला, दोनदा घातला." "बाटली संपत आलीय, नाही पुरणार शनिवारपर्यंत." "नाही, तुम्ही एक पान गाळलंत, तो माळी मघाशी गावाला गेला होता, आता इथे कुठून आला?" या शेवटच्या वेळी मी तपासलं. मी खरंच एक पान गाळलं होतं. मुद्रितशोधकाची चूक त्यांनी डोळे मिटून पकडली. थेंब नेमका पडावा म्हणून हाताची मूठ कपाळावर टेकवायची ही युक्तीही त्यांनीच शोधली आणि मला ऐटीत सांगितली.

तिसऱ्या पुस्तकाच्या मध्यावर एकदा त्या म्हणाल्या, "खून त्या नर्सने केलाय."

"कशावरून?"

"मला नाही कळत. पण तिला केव्हाच कळलं असतं. ती आधी शेवटचं पान वाचायची."

ती म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. आईने तिच्याबद्दल माझ्याशी बोलण्याची ही पहिलीच वेळ होती.

"ती?" मी म्हणालो. "ती असली पुस्तकं वाचायची?"

"ढिगाने! तुमच्याकडे चालणार नाहीत म्हणायची. त्यांना कळलं तर चेहरा बघवणार नाही, म्हणायची. सगळी इथे आहेत, या खाटेवरच्या गादीखाली. अकरा. मी त्यांच्यावरच झोपलेय आत्ता."

मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसलो, आणि तिकडून छताच्या दिशेने सासूबाईंचंही हसणं आलं, खोकल्यात मिसळलेलं. माझ्या बायकोने पंचवीस वर्षं माझ्यापासून अकरा खून लपवले होते. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते असं, की ती अजून संपलेली नाही, तिच्याबद्दल कळायचं राहिलेलं पुष्कळ आहे.

"दहा मिनिटं झाली," सासूबाई म्हणाल्या. "पिवळी घालते. तुम्ही डोळे पुसा."

त्यांना मी दिसत नव्हतो. तरी म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मी गादीखालची पुस्तकं घेऊन आलो. पानांचे कोपरे दुमडलेले होते. पुस्तकाचा कोपरा दुमडणाऱ्याला मी आयुष्यभर नावं ठेवली आहेत. आता ते कोपरे मी तसेच ठेवतो आणि ती जिथे थांबली होती तिथे आम्हीही त्या दिवसापुरते थांबतो, दहा मिनिटं झाली असोत वा नसोत.

तीन महिन्यांनी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी प्रेशर मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. मग म्हणाल्या, "पंधरा."

मी त्यांना तो आकडा पुन्हा एकदा म्हणायला लावला.

अंधाऱ्या खोलीत तीच मुलगी होती. या वेळी सासूबाई सावकाश, विचार करून बटण दाबत होत्या. मधे मधे बराच वेळ काहीच दाबत नव्हत्या आणि त्या प्रत्येक वेळी मी त्या मुलीकडे बघत होतो. तपासणी संपली तेव्हा मुलगी म्हणाली, "आजी, या वेळी एकदासुद्धा फसला नाहीत."

"दिसलं नाही तर का दाबू?" सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी नवा कागद आणि मागच्या वर्षीचा, पत्नीने त्यांना आणलं होतं तेव्हाचा, शेजारी शेजारी ठेवला. काळे डाग दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते. जे गेलं होतं ते गेलं होतं. नवं काही गेलं नव्हतं. "ऑपरेशन नको," त्या म्हणाल्या. "हेच ड्रॉप्स चालू ठेवा. घालतं कोण?"

"मीच घालते."

"आणि हे?" त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हे खुनाचं बघतात," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून चालू लागल्या.

वाचनालयातले गृहस्थ मला अजून विचारतात, ते ॲप खरंच उपयोगी पडतं का. मी हो म्हणतो. सातला ते आता माझ्याही फोनवर वाजतं आणि वाजलं नसतं तर मी कदाचित आठला उठलो असतो, किंवा उठलोच नसतो. हिरव्या खुणाही येतात, पण आता साडेसातच्या सुमाराला येतात, कारण त्या आधी औषध घालतात, प्रकरण संपवतात आणि मग सवडीने बटण दाबतात. आठवड्याचं फूल येतं. ते मी बघतो आणि त्यावर विश्वास ठेवतो, कारण मधल्या तीन महिन्यांत मी पुरेसे नकार ऐकले आहेत.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना सासूबाईंनी टॅक्सी मासळी बाजारापाशी थांबवायला सांगितली. किती महिन्यांनी त्या स्वतः मासे घ्यायला उतरल्या होत्या. पहिल्याच कोळणीपुढे वाकून त्यांनी सुरमईचा कल्ला बोटाने उचलला आणि आपला उजवा डोळा त्याच्याजवळ नेला.

"कालची आहे."

"काय बोलतेस आजी! सकाळी उतरलेली आहे. चष्मा बदल तुझा."

"फिकट पडलाय बघ आतून. ही तुझ्या गिऱ्हाइकाला दे, मला नको. ते बांगडे दाखव."

कोळणीने माझ्याकडे बघितलं. "दादा, तुझी आई लय डोळस आहे रे."

सासू आहे, असं मी सांगितलं नाही. बांगडे लाल कल्ल्यांचे, ताठ होते. सासूबाईंनी सहा निवडले, एक परत टाकला, दुसरा घेतला, आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"दुपारी जेवूनच जा," त्या म्हणाल्या. "पण पाचला निघा. सातला घरी पोचायला हवं तुम्हाला. तुम्ही इथे बसलात तर मी आडवी कशी होणार?"

मी पाचला निघालो. लालबागला पोचेपर्यंत हाताला बांगड्याच्या आमटीतल्या तिरफळांचा वास येत होता. पावणेसातला दिवा लावून मी तिच्या अकरांपुढचं बारावं पुस्तक उघडलं. हे मी स्वतः, कुणाच्याही नावावर न खपवता, दुकानात उभं राहून मुखपृष्ठ बघून निवडलं होतं.